बॉबिनला घर बघताना

नाना, तू गेलास तो गेलास, पण जाताना तुझी मांजर माझ्या गळ्यात टाकून गेलास. आता वर बसून हसत असशील. हस. माझी मात्र इथे पाचावर धारण बसली होती.

तुला गावाला घेऊन गेले त्याच संध्याकाळी बॉबिन तुझ्या बंद दारापुढे येऊन बसली आणि जी ओरडायला लागली म्हणतोस! मांजरीचा आवाजच नव्हता तो. अख्खी चाळ बाहेर आली. मी माझ्या दारातून हाका मारल्या, सुकट दाखवली, शिव्याही घातल्या. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, दुःखात आहे बिचारी, राहू दे. दुसऱ्या दिवशी वाटलं, माजलीय. तिसऱ्या दिवशी वाटलं, हिला वेड लागलंय. खरं काय ते कळायला मला फार उशीर झाला, आणि त्याचा राग मला तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही.

तुझा भाऊ सामान न्यायला आला. गादी बांधली, गॅस घेतला, पंखासुद्धा उतरवला. तुझ्या पलंगाखाली बॉबिन अंग चोरून बसली होती. तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, हिचं मी काय करू? आमच्याकडं दोन कुत्री आहेत, एका दिवसात फाडतील." त्याचंही चूक नव्हतं. मग मालक शेठ आला. दारात उभा राहून किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "मंगलाबेन, रविवारे नवो भाडूत आवे छे. बिलाडी हटवा. नाही तर माझा माणूस गोणीत घालून नदीपार सोडून येईल."

नदीपार म्हणजे काय ते तुला माहीत आहे. अथालमध्ये ज्याला मांजर नकोशी होते तो तिला गोणीत घालतो, दमणगंगेच्या पुलावरून पलीकडे नेतो आणि मोकळी करतो, म्हणजे ती परत येत नाही. तरणी मांजर कशीबशी जगते. बॉबिन म्हातारी. पुढचे दात पडलेले, डाव्या डोळ्यात पाणी, एक कान अर्धा. मी शेठला म्हटलं, "खबरदार गोणीला हात लावलास तर! रविवारच्या आत घर बघते मी तिला." तोंडातून निघून गेलं. मग बसले डोकं धरून.

माझ्याकडे ठेवता आली असती तर प्रश्नच नव्हता. पण आमच्या ह्यांचा दमा तुला ठाऊक आहे. मांजरीचा एक केस उडाला तरी रात्रभर बसून काढतात. त्यात माझा डब्यांचा धंदा, सकाळ-संध्याकाळ पोळ्या, भाज्या, ओट्यावर पंचवीस डबे उघडे. आणि माझं दार तर सरळ रस्त्यावरच. तुला काय सांगायचं ते, त्याच रस्त्यावर तर तू गेलास. गोदामातून उलटा मागे येणारा टेम्पो, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत म्हणावं इतक्या जवळ. तो टेम्पोवाला रोज तुला हात करायचा. पोलिसांसमोर रडत एकच वाक्य घोकत होता, "इतना हॉर्न मारा मैंने, नाना हटेंगेच, ऐसा लगा." सगळे म्हणाले, नानांचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. मी गप्प उभी होते. लक्ष कुठे होतं ते मला माहीत होतं. लक्ष जागेवरच होतं, कान जागेवर नव्हते.

पण ते नंतर. आधी घराचं सांगते.

मी सगळीकडे विचारलं. डबा दिला की त्या घरात विचारायचं, "मांजर पाळता का हो?" पिल्लू असेल तर घेऊ म्हणाले. पांढरी आहे का, असं एकीने विचारलं. एकाने तर वय ऐकून विचारलं, "अजून किती दिवस?" म्हणजे मांजर होती की दवाखान्यातला पेशंट! शेवटी सरकारी क्वार्टर्समधल्या परब बाई तयार झाल्या. शाळेत शिकवतात, मूळच्या मालवणकडच्या, घरात मासळी, माणसं सुशिक्षित, मांजरावर माया. मला वाटलं, देवानेच पाठवलं. बॉबिनला भाजीच्या जाळीच्या क्रेटमध्ये घालून स्कूटीवर पुढे ठेवलं आणि त्यांच्या घरी पोचवलं. बाईंनी तिच्यासाठी मऊ चादर घातली होती, नवी ताटली आणली होती. मी परत येताना पुलाजवळ थांबून तुला म्हटलंसुद्धा, "झालं बघ नाना, लाडकी तुझी सुखात पडली."

कसलं सुख! दोन दिवसांनी बाईंचा फोन. "मंगलाताई, ही काही खात नाही हो. हाक मारली की ढुंकून बघत नाही. काल माझ्या मुलीने मागून उचलायला घेतली तर तिला रक्त येईपर्यंत ओरबाडलं. आणि ओरडते किती! शेजारचे साहेब दोनदा येऊन गेले." मी म्हटलं, "बाई, नवीन जागा आहे, रुळेल." बाई म्हणाल्या, "रुळेल हो, पण खाल्लं तर ना? पाणीसुद्धा मी बाजूला झाल्याशिवाय पीत नाही." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. चांगली बाई आहे रे. तिला मांजर नको झाली नव्हती, तिला मांजरीची भीती वाटायला लागली होती.

मी गेले, तिला क्रेटमध्ये घातली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेली. हलकी झाली होती नाना, हातात धरवेना. तिथले डॉक्टर तरुण पण मन लावून बघणारे. पोट दाबलं, तोंड बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिच्या मागे जाऊन स्टीलचा ट्रे धाडकन जमिनीवर टाकला. मी किंचाळले. बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. बॉबिनची मिशीसुद्धा हलली नाही.

"ठार बहिरी आहे," डॉक्टर म्हणाले. "आजची नाही, बरीच वर्षं झाली असणार. म्हणून ओरडते, स्वतःचा आवाजच येत नाही तिला. म्हणून ओरबाडते, मागून कोण आलं कळतच नाही. घरातल्यांना माहीत नव्हतं?"

घरातल्यांना! मी काय सांगू त्यांना? घरात एकच माणूस होता आणि तो तसलाच होता.

ते पुढे म्हणाले, "म्हातारी मांजर उपाशी राहिली की यकृत बसतं. उद्या-परवापर्यंत पोटात काही गेलं नाही तर माझ्या हातात फार काही राहणार नाही. तिच्या माणसाच्या सवयी कुणाला माहीत असतील तर तसं करून बघा." एक सुई दिली आणि पाठवलं.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले. तू गेलास त्या दिवशी नव्हते रडले इतकी. पदराने नाक पुसतेय आणि तुला शिव्या देतेय. अरे मेल्या, सांगायला काय झालं होतं तुला? स्वतःचं लपवलंस ते लपवलंस, मांजरीचंसुद्धा लपवलंस!

कारण तुझं मला माहीत होतं ना. धाग्याच्या कारखान्यात मशीनवर आयुष्य गेलं, चोवीस तास तो घरघराट. कान जाणारच होते. मीच तुला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे कानाचं मशीन मिळालं, तू ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलंस. आपलं भांडण आठवतं? दर आठ दिवसांनी एकदा व्हायचं. मी म्हणायचे, "नाना, घाल ना ते कानात." तू म्हणायचास, "मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली हळू बोलतात." "मी हळू बोलते?" "तू नाही बोलत. तू बोललीस की पार सुरंगी गावापर्यंत जातं." आणि हसायचास. मग एकदम डोळे वटारून म्हणायचास, "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील मंगले. बहिरा झाला म्हणून सांगितलं की हसतात लोक. मागून नावं ठेवतात." शपथ घातलीस. पाळली मी ती. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं, आणि आता माझी बाजू ऐकायला तू नाहीस. माझ्याकडेच का जेवायचास तेही आत्ता कळतंय मला. मी ओरडून बोलते म्हणून. माझ्या डाळीची एवढी तारीफ करायचास, मला वाटायचं डाळीला चव आहे.

पायरीवर बसल्या बसल्या मी आठवायला लागले, की मग तू तिला बोलवायचास कसा? बॉबिन तर तुझ्याकडे धावत यायची. ड्यूटीवरून आलास की तू दारात उभा राहायचास, तिला दिसेल असा, आणि हाताने काहीतरी करायचास. हाक कधीच मारली नाहीस. हात वर जायचा आणि मग कुठेतरी खाली यायचा. मी रोज बघितलेलं, पण बघितलं कुठे? पोळ्या लाटताना मान वर करून दिसेल तेवढंच. मी तिथेच क्रेट उघडून तिच्यासमोर बसले, हात वर केला, तोंडाशी नेला. ती माझ्यातून आरपार बघत राहिली. परत केलं, डावा हात, उजवा हात. येणारे-जाणारे बघायला लागले. काही नाही.

आणि मग कळलं ते काय होतं. मशीनवरच्या खुणा, नाना. तूच सांगायचास, तिथे शेजाऱ्याच्या कानात बोंबललं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळं हातावर चालतं. धागा तुटला त्याची खूण, साहेब आला त्याची, पाळी बदलायला रिलीव्हर आला त्याची. बॉबिनशी तू खात्यातली भाषा बोलत होतास. आणि ती भाषा तुझ्यासारखी कुणाला येत असेल, तर तुझ्या शेजारच्या मशीनवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला.

काशिनाथला.

मागच्या दिवाळीत बॉबिन आजारी पडली होती तेव्हा तू मला काय बोललास, शब्द न् शब्द आठवतो. "मंगले, मला काही झालं तर हिला बघ. कुणालाही दे. कसायाला दे. पण त्या काशिनाथच्या दारात नको." मी हसण्यावारी नेलं. तू हसला नाहीस.

तुमचं भांडण आहे एवढंच साऱ्या अथालला माहीत, कशावरून ते फक्त मला. काशिनाथने साहेबाला सांगितलं की नानाला ऐकू येत नाही. त्यानंतर तुला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं, खोके चिकटवायला. एवढा हातखंडा असलेला माणूस, आणि चिकटपट्टी लावत बसला. त्या दिवसापासून अबोला. एकाच गेटमधून जाणार, एकाच टपरीवर चहा पिणार, आणि एकमेकांकडे पाठ.

आता सांग, काय करायचं मी? इकडे तुझा शब्द आणि इकडे तुझी मांजर. दोन्ही एकदम सांभाळणं जमत नव्हतं. मी स्कूटी काढली, क्रेट पुढे ठेवला, तोंडाने तुझ्याशी भांडतच नाक्यापर्यंत आले. सरळ गेलं की घर, वळलं की गलोंडा, काशिनाथचं गाव. तिथे उभी राहिले मी. मनात म्हटलं, घरीच न्यावी, चमच्याने दूध पाजावं, आमचे हे दोन दिवस दुसरीकडे झोपतील. मेलेल्याचा शब्द आहे, मोडायचा नाही.

आणि तेवढ्यात क्रेटचं झाकण सुटलं.

कशी सुटली, कशी उडी मारली, काही कळलं नाही. बघते तर बॉबिन रस्त्याच्या मधोमध. तिकडून डंपर, इकडून बस. मी ओरडले, "बॉबिन! ए बॉबिन!" नाना, घसा फाटला माझा. माझा गळा तो, ज्याला तू सुरंगीपर्यंत जातो म्हणायचास. डंपरवाला हॉर्नवर हात ठेवूनच होता, काढतच नव्हता. लोक कानावर हात ठेवताहेत, आणि ती मधे उभी राहून आपला पाय चाटतेय. शांत. जगात काहीच चाललेलं नसावं तशी. तिथे मला तू दिसलास. शप्पथ सांगते, तिच्या जागी तूच दिसलास, गोदामाकडे पाठ करून उभा असलेला, आणि मागून तो टेम्पो.

मी स्कूटी तशीच टाकली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरून, डंपरकडे पाठ करून. मला बघून तिने मान वर केली. मी उचलली तिला आणि बाजूला आले. डंपरवाल्याने खिडकीतून माझी आई-बहीण काढली. कुणीतरी स्कूटी उभी करून दिली, मी तिला क्रेटमध्ये घालून झाकण घट्ट बांधलं. तिथेच ठरलं माझं. मी गलोंड्याकडे वळले.

काशिनाथ पहिली पाळी करून नुकताच आला होता. गल्लीच्या टोकाला त्याचं घर, मागे शेत. पायरीवर बसून ताटात भात कालवत होता. मला बघून घास तसाच हातात राहिला. मी दिसले म्हणजे तू दिसलास त्याला.

"मंगलाताई? काय झालं?"

मी क्रेट खाली ठेवला. त्याने बघितलं. "बॉबिन," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते नाव ऐकून मला नवल वाटलं. मग तो म्हणाला, "ही पिल्लू होती तेव्हा आमच्या खात्यात, धाग्याच्या बॉबिनच्या खोक्यात सापडली. मीच पहिली बघितली. नाना म्हणाला, मला दे, माझ्या घरात कुणी नाही. दिली." हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस, नाना. तू तर म्हणायचास ती आपणहून तुझ्यामागे आली.

मी सगळं सांगितलं. बहिरी आहे, खात नाही, डॉक्टर काय म्हणाले, रविवारी शेठ काय करणार. "तुम्ही ठेवा हिला," म्हटलं. तो हात धुवायला उठला. परत आला तेव्हा त्याचं तोंड बदललं होतं.

"नानाने काही सांगून ठेवलं होतं?"

खोटं बोलायला काय लागतं? एक शब्द. पण माझ्या जिभेला ते जमलं नाही. मी म्हटलं, "तुमच्याकडे देऊ नको म्हणाला होता."

त्याने मान हलवली. "मग मी नाही घेणार. गेलेल्या माणसाचा शब्द आहे ताई. जिवंतपणी त्याचं वाईट केलं म्हणाला, आता मेल्यावर त्याची मांजर चोरू काय?"

"अहो, मरतेय ती!"

"मरू द्या मग!" तो एवढ्या मोठ्यांदा ओरडला की शेजारच्या घराचं दार उघडलं. आणि लगेच पायरीवर मटकन बसला. "मी काय दुश्मन होतो का त्याचा? मागून ट्रॉली आली, वर माल, हॉर्न वाजतोय, हा हललाच नाही. मी ओढला म्हणून वाचला. त्याला विचारलं, तर म्हणे मी बघितलं होतं ट्रॉलीला. कुठलं बघितलं होतं? दुसऱ्यांदा तसंच झालं. मग मी साहेबाला जाऊन बोललो. चुगली केली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मला वाटलं, पॅकिंगमध्ये ट्रॉली येत नाही, तिथे जगेल. गेटवर मी रोज खूण करायचो त्याला. जेवायला चल म्हणून. रोज तोंड फिरवायचा. मी करायचोच."

मी म्हटलं, "ती खूण तिला करून दाखवा. ठेवू नका. फक्त दाखवा, मी शिकते आणि जाते. तेवढ्याने नानाचा शब्द मोडत नाही."

तो उठला. मग क्रेटचं झाकण काढून चार पावलं मागे गेला, तिच्या बरोबर समोर. हात डोक्याच्या वर सरळ उभा केला, पंजा पसरून. मग तो खाली आणला आणि उलट्या हाताने पोटावर दोनदा थोपटलं. एवढंच. मी तोंडाशी हात नेत होते! नंतर त्याने सांगितलं, "हाताला मशीनचं तेल असतं ताई, तोंडाजवळ कोण नेणार? म्हणून पोटावर, आणि तेही उलटा हात."

बॉबिन क्रेटच्या कडेवर पुढचे पाय टेकून उभी राहिली. बघत राहिली. त्याने परत केलं. हात वर, मग पोटावर दोनदा. तिने उडी मारली, हळूच, म्हातारीसारखी, आणि चालत त्याच्याकडे गेली. त्याच्या पायाला अंग घासलं नाही, ओळखही दाखवली नाही. सरळ त्याच्या ताटाजवळ जाऊन बसली आणि वाट बघायला लागली. त्याने मासळीचा काटा काढला, मासा भातात कुस्करला, ताटाच्या कडेला ठेवला. तिने वास घेतला. मग खायला लागली. मधे थांबली, त्याच्याकडे बघितलं. त्याने स्वतः एक घास घेतला तेव्हा पुढे खायला लागली. म्हणजे तू तिच्याबरोबर जेवायचास तर! माझा डबा तुम्ही दोघं मिळून खात होतात आणि मी तुला म्हणायचे, नाना तुझी भूक वाढलीय हल्ली.

मी म्हटलं, "काशिनाथभाऊ, शब्द मी मोडते. तुम्ही नाही. मी दिली, तुम्ही ठेवून घेतली. नानाला भांडायचं असेल तर माझ्याशी भांडेल, त्याची सवयच आहे." तो खाली मान घालून तिच्याकडे बघत होता. म्हणाला, "ठेवतो. पण एका अटीवर. ही बहिरी आहे हे मी साऱ्या गल्लीला सांगणार. लपवणार नाही. एकदा बोललो त्याचं जे व्हायचं ते झालं, पण या वेळी मी गप्प बसणार नाही."

"सांगा," मी म्हटलं.

रविवारी शेठने तुझी खोली नव्या भाडेकऱ्याला दिली. नाशिककडचं नवरा-बायकोचं जोडपं आहे, बरी माणसं दिसतात. त्यांचा डबा अजून ठरलेला नाही.

काल मी गलोंड्याला गेले होते. बॉबिन बरी आहे. अंगावर थोडं मांस आलंय, आणि काशिनाथची बायको तिला ओरडतेसुद्धा, हाताने. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तर समोरून एक टेम्पो येत होता, माल भरलेला. आणि आपली महाराणी गल्लीच्या मधोमध उन्हात आडवी. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला नाही. थांबला. इंजिन बंद केलं, खाली उतरला, लांबून वळसा घालून तिच्या तोंडासमोर आला आणि उकिडवा बसून हात हलवला. बॉबिनने डोळे उघडले, आळस दिला, उठली आणि सावकाश बाजूला गेली. तो कुणावर चिडला नाही की काही बोलला नाही. परत गाडीत बसला आणि गेला. मी त्याला विचारलं, "भैया, हॉर्न क्यूं नहीं मारा?" तो म्हणाला, "बहरी है ना. काशिनाथ भाई ने बताया था."

एवढंच लागतं नाना. कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं. तुझा तो टेम्पोवालासुद्धा रोज तुला हात करायचा. त्याला माहीत असतं तर तोही उतरला असता रे, आणि तुझ्यासमोर येऊन उभा राहिला असता.